परतफेडीची दिशा

उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे ज्या दुकानदाराचे असतील त्यालाच द्यावे लागतात, आणि ते दिले की दोघांमधला व्यवहार मिटतो. उपकाराचे तसे होत नाही. अडचणीत धावून आलेला माणूस पुष्कळदा पुन्हा भेटत नाही, भेटलाच तर त्याला आता मदतीची गरज उरलेली नसते, आणि कित्येकदा तो इतका मोठा किंवा इतका दूरचा असतो की त्याच्यासाठी काही करावे म्हटले तरी हात पोचत नाही. असे असूनही आपण कोणाचे तरी देणे लागतो ही जाणीव मनात घर करून राहते आणि बाहेर पडायला वाट शोधते. ही वाट उपकारकर्त्याकडे मागे न वळता तिसऱ्याच कोणाकडे का जाते, आणि कोणत्या परिस्थितीत ती मध्येच खुंटते, या प्रश्नांचा मागोवा मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्र या तिन्ही शास्त्रांनी गेल्या शंभर वर्षांत घेतला आहे. त्यांची उत्तरे पारखून घेण्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेला अहमदनगर जिल्हा, विशेष उपयोगी ठरतो. कारण पश्चिमेचा सह्याद्रीचा पट्टा सोडला तर बहुतांश पर्जन्यछायेत येणाऱ्या या जिल्ह्यात दुसऱ्यापुढे हात पसरण्याची पाळी पिढ्यान्‌पिढ्या लोकांवर आली, आणि घेतलेले फेडण्याच्या नाना रीतीही तेथेच घडत गेल्या.

परतफेडीला दिशा असते याची जाण फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले असून शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आहे. यांपैकी देवऋण यज्ञाच्या रूपाने देवांनाच पोचवायचे असले तरी बाकीच्यांची रीत वेगळी आहे. पितरांचे ऋण संतती वाढवून, म्हणजे पितरांनी कधीही न पाहिलेल्या पिढीला देऊन फेडायचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, म्हणजे विद्येची परंपरा चालू ठेवून फेडायचे. आणि मनुष्यऋण दारी येणाऱ्या अतिथीला अन्न व आसरा देऊन फेडायचे, मग तो अतिथी कोणीही असो. हे सारे विवेचन कर्मकांडाच्या चौकटीतले आहे आणि त्यात आधुनिक मानसशास्त्र शोधू नये हे खरे. तथापि काही ऋणे ज्याची त्याला परत करताच येत नाहीत, म्हणून ती पुढे सरकवावी लागतात, एवढी गोष्ट त्या काळीही ध्यानात आलेली होती.

नगरच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण स्त्रीशिक्षणाच्या आरंभकाळी सापडते. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत आली, १८३९ पासून अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. जोतीराव फुले यांनी एका मित्राबरोबर नगरला जाऊन या शाळा पाहिल्या आणि तेथील शिक्षणाने प्रभावित होऊन पुण्यास परतल्यावर १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई फुले यांनीही अध्यापनाचे धडे फरार यांच्या संस्थेत घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. फरार यांच्याकडून जे मिळाले ते फुले दांपत्याने फरार यांना कधी परत केले नाही, करण्याजोगे नव्हतेही. अमेरिकेतून आलेल्या त्या बाईला हव्या असलेल्या एखाद्या वस्तूच्या रूपाने ते फिटले असते तर पुण्यातील मुलींच्या वाट्याला काहीच आले नसते. शिवाय फरार यांचा हेतू धर्मप्रसाराशी निगडित होता आणि फुले यांनी पुढे नेले ते केवळ शिक्षण. म्हणजे उपकार पुढे जाताना जसाच्या तसा जात नाही, घेणारा त्यातले आपल्याला पटेल तेवढे निवडून पुढे देतो.

उत्क्रांतिशास्त्राला या साऱ्याचे कोडे पडले ते वेगळ्या कारणाने. दुसऱ्यासाठी स्वतःची शक्ती खर्च करणारा प्राणी जगण्याच्या स्पर्धेत मागे पडायला हवा, मग परोपकाराची प्रवृत्ती टिकली कशी, असा तो प्रश्न होता. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये असे मांडले की ज्या प्राण्यांची एकमेकांशी वारंवार गाठ पडते आणि ज्यांना मागचे आठवते, त्यांच्यात ‘आज मी तुला, उद्या तू मला’ हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा ठरतो. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये कोस्टा रिकातील रक्तपायी वटवाघळांत तो प्रत्यक्ष दाखवला: दोन-तीन रात्री रक्त न मिळाल्यास ही वटवाघळे मरतात, म्हणून पोट भरलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त उलटून देते, आणि ते देताना नात्याइतकाच पूर्वीच्या सहवासालाही मान देते. यापुढची पायरी मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी १९९८ मध्ये गणिताने मांडली. एकाने दुसऱ्याला मदत केली की पाहणाऱ्या तिसऱ्याच्या मनात त्याचे नाव चांगले होते आणि त्याची गरज पडेल तेव्हा तो तिसरा त्याला मदत करतो. येथे फेड मिळते, पण ती चांगल्या नावामार्फत मिळते. या दोन्ही प्रकारांत देणाऱ्याला शेवटी काही ना काही लाभ आहे. तिसरा प्रकार मात्र अधिक अवघड आहे: ज्याला मदत मिळाली तो, कोणी पाहत नसताना आणि काही मिळण्याची आशा नसताना, अनोळखी माणसाला मदत करतो. नफ्या-तोट्याच्या गणिताने याचा उलगडा सहजी होत नाही, आणि येथेच मानसशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

मानसशास्त्रज्ञांनी प्रथम मनःस्थितीकडे पाहिले. अ‍ॅलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात काहींसाठी मुद्दाम एक नाणे ठेवले होते, आणि ती माणसे बाहेर पडताच त्यांच्यासमोर एका व्यक्तीच्या हातून कागदांची चळत ‘चुकून’ खाली पडत असे. नाणे सापडलेल्या १६ जणांपैकी १४ जणांनी कागद उचलायला मदत केली, तर न सापडलेल्या २५ जणांपैकी एकानेच केली. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत अजून मोठ्या हौसेने सांगितला जातो. पण इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा एवढा फरक आढळला नाही, ही पुस्ती बहुधा गाळली जाते. शिवाय सापडलेले नाणे हा उपकार नव्हे, ते दैव. देणारा कोणी माणूसच तेथे नसतो. ही उणीव मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २००६ मध्ये भरून काढली. त्यांच्या प्रयोगात एक कंटाळवाणे काम संपत आलेले असताना सहभागी व्यक्तीचा संगणक बंद पडे, सगळे काम पुन्हा करावे लागणार असे दिसू लागे, आणि शेजारी बसलेली, प्रत्यक्षात संशोधकांशी संगनमत असलेली व्यक्ती खटपट करून तो सुरू करून देई. थोड्या वेळाने याच व्यक्तीने एक लांबलचक प्रश्नावली भरून देण्याची विनंती केली असता ज्यांना मदत मिळाली होती त्यांनी इतरांपेक्षा अधिक वेळ दिला. यात नवल नाही. नवल पुढे आहे: तीच विनंती पूर्णतः अनोळखी माणसाने केली तरी त्यांनी अधिक वेळ दिला. मात्र विनंती येण्यापूर्वी ‘तुम्हाला मदत कोणी केली’ याची आठवण करून दिली, की अनोळखी माणसाला मिळणारा हा जादा वेळ नाहीसा होई. कृतज्ञतेची भावना मनात मोकळी असते तोवर ती कोणाकडेही वळू शकते, आणि तिच्यावर देणाऱ्याचे नाव चिकटवले की ती त्या नावापुरती आखडते, असा याचा अर्थ लावता येतो. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्यांनी भिंती भरून टाकणाऱ्या संस्थांनी हा प्रयोग एकदा वाचायला हरकत नाही.

कृतज्ञता आणि देणेकरीपणा या दोन भावना वरवर सारख्या दिसतात, परंतु त्यांचे परिणाम वेगळे असतात. फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात मदत करणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जसजशी वाढत गेली तसतशी मदत घेणाऱ्याची ओझ्याची भावना वाढली आणि कृतज्ञता घटली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या देणगीवरील निबंधात ही गोष्ट समाजाच्या पातळीवर मांडली होती: देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने एकत्र चालतात, आणि परत देण्याची सोयच ज्याला ठेवलेली नाही असा घेणारा हळूहळू देणाऱ्याचा मिंधा होतो. मोस यांची उदाहरणे पॉलिनेशिया आणि उत्तर अमेरिकेतील होती. पण मिंधेपणा म्हणजे काय हे समजायला नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेले सावकारविरोधी दंगे पाहता पाहता श्रीगोंदे, पारनेर अशा नगरच्या तालुक्यांत पसरले आणि त्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्याकडच्या कागदांवर होता. रोखे आणि खतपत्रे हिसकावून घेऊन त्यांच्या होळ्या केल्या गेल्या. त्यानंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. सवाईने किंवा दिढीने धान्य देणे, म्हणजे पेरणीला वा पोटाला दिलेल्या एका मापाच्या बदल्यात सुगीला सव्वा किंवा दीड माप घेणे, ही त्या काळच्या गावगाड्यातील सर्रास चाललेली रीत होती. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की अडीनडीला धान्य देणारा सावकार बाह्यतः मदतच करीत होता, आणि त्याच्याइतकी वेळेवरची मदत दुसरे कोणी करतही नव्हते. तरीही त्यातून कृतज्ञता उपजली नाही, कारण फेडीचे माप आणि तिची दिशा दोन्ही एकट्या देणाऱ्याच्या मुठीत होती.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांनी देवाणघेवाणीचे तीन प्रकार सांगितले आहेत: ज्यात हिशेब ठेवला जात नाही ती सामान्यीकृत, ज्यात समान मोबदला ठरावीक काळात परत येतो ती संतुलित, आणि ज्यात एक बाजू दुसरीला ओरबाडते ती नकारात्मक. या परिभाषेत सावकारी तिसऱ्या प्रकारात बसते, आणि पहिल्या दोन प्रकारांचे नमुने त्याच गावांच्या शिवारांत शेजारी शेजारी नांदत होते. सावड म्हणजे दोन-चार कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे. तिच्यात दिवसाला दिवस मोजला जातो आणि आपल्याकडे चार माणसे आली असतील तर चारच माणसे पाठवावी लागतात. इर्जिकीत असा हिशेब नसतो. ज्याची नांगरट अडली असेल त्याच्या रानात गावातले शेतकरी आपापली औते-बैल घेऊन उतरतात, एका दिवसात किंवा चांदण्या रात्री काम उरकतात, आणि यजमानाने सर्वांना जेवण घालायचे एवढाच शिरस्ता असतो. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याने बैलांची फेड बैलांनी करावी असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या इर्जिकीला तो अंगमेहनत घेऊन जातो. सह्याद्रीच्या उतारावरील महादेव कोळी गावांत भाताची खाचरे तयार करण्यासाठी चालणारी पडकई हीही याच कुळातील रीत आहे. ट्रॅक्टर आल्यावर इर्जीक मागे पडली, त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. परंतु ती बहुधा भावकी, शेजार आणि जात यांच्या वर्तुळात फिरत असे आणि ज्याला जमीनच नाही त्याच्यासाठी तिच्यात यजमानाची जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी उभी केलेली बियाण्यांची बँक पाहिली की फेडीची रचना किती सूक्ष्म फरकाने बदलते हे दिसते. १९६४ मध्ये जन्मलेल्या, शाळेत कधीही न गेलेल्या राहीबाईंनी वाल, घेवडा, भात, नागली, पालेभाज्या यांच्या गावठी जाती जमवायला घरगुती गरजेतून सुरुवात केली, पुढे बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. या बँकेचा गाजलेला नियम असा की शेतकऱ्याने बियाणे घेऊन जावे आणि पीक आल्यावर दुपटीने परत आणून द्यावे. आकडा पाहिला तर हे व्याज दिढीपेक्षाही जबर आहे. तरी त्याला सावकारी कोणी म्हणत नाही, आणि याचे कारण बियाण्याच्या जीवशास्त्रात दडलेले आहे. वाल आणि घेवड्याच्या फुलांत बहुतांशी स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलातील पराग त्याच फुलाच्या बीजांडापर्यंत पोचतात, त्यामुळे मुलीचे गुण आईसारखे राहतात आणि परत आलेले बी घेतलेल्या बीसारखेच निपजते. संकरित बियाण्याचे तसे होत नाही. त्याच्या पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी दुकानात जावे लागते आणि त्याने मनात आणले तरी घेतले तसे बी त्याला परत करता येत नाही. गावठी वालाच्या एका वेलाला मात्र इतके बी धरते की मूठभर घेऊन दोन मुठी परत देताना शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा बसत नाही. आणि परत आलेल्या दोन मुठी राहीबाईंच्या घरी खर्ची पडत नाहीत. वाळवून, राखेत घोळून, मातीच्या मडक्यात ठेवलेले ते बी पुढल्या हंगामात आणखी दोघांकडे जाते. सगळे परत आले आणि सगळे पुन्हा वाटले गेले असे धरले तर पाच हंगामांत एका मुठीच्या बत्तीस मुठी होतात. प्रत्यक्षात पाऊस, कीड आणि विसरभोळेपणा यांमुळे हे गणित इतके सरळ चालत नसणार, पण त्याचा कल मात्र हाच. घेणारा बँकेकडे फेड करतो आणि त्याच कृतीने तिसऱ्याचा दाता होतो. मागे देणे आणि पुढे देणे यांतला भेदच तेथे पुसला जातो.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९८० च्या सुमारास सुरू झालेली धान्य बँक याच कल्पनेवर चालली होती. ज्यांच्याकडे जास्तीचे पिकले त्यांनी मंदिरात धान्य जमा करायचे, नड असणाऱ्याने ते न्यायचे आणि सुगीला वाढाव्यासह परत करायचे. वाढावा गावाचाच असल्यामुळे दिढीतला काटा त्यातून निघून गेला होता. तिच्या आधीची घडामोडही या विषयात मोडते. १९६५ च्या युद्धात सोबती मारले गेले असताना आपण वाचलो, तेव्हा हे आयुष्य आता दुसऱ्यांसाठी आहे, अशी धारणा घेऊन अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला दिले. एकाने पदरचे पैसे घातल्याचे पाहून गावकऱ्यांनी लाकूड दिले, श्रमदान केले. गावातील पाणलोटाची कामे, जी पुढे देशभर गाजली, ती या पहिल्या श्रमदानानंतरची आहेत. हजारे यांच्या नंतरच्या राजकीय आंदोलनांविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण नोवाक आणि सिग्मंड यांनी गणिताने दाखवलेला परिणाम, म्हणजे एकाचे देणे पाहणाऱ्यांच्या नजरेत भरले की त्याच्या कामासाठी इतरांचे हात सैल होतात, तो येथे डोळ्यांदेखत घडला.

या साऱ्यात सर्वांत शिकवणारे उदाहरण जामखेडचे. अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव चोंडी ज्या तालुक्यात आहे त्या या कोरडवाहू तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या या दांपत्याने त्यापूर्वी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. तेथे बरे करून घरी पाठवलेले रुग्ण त्याच आजारांनी पुन्हा येतात हे पाहिल्यावर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. जामखेडमध्ये पहिली मदत त्यांनी केली नाही, स्वीकारली: गावाने दवाखान्यासाठी जनावरांच्या जुन्या दवाखान्याची जागा दिली. डॉक्टरांना मदत करताना गावाची स्थिती याचकाची राहत नाही, आणि हा क्रम पुढल्या कामावर ठसा उमटवून गेला.

खेड्यापाड्यांत आरोग्यसेवा नेण्यासाठी आधी प्रशिक्षित परिचारिका पाठवून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या, शिकलेल्या तरुणी गावात टिकेनात आणि गावातील बायका त्यांच्यापाशी मन मोकळे करीनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित, काही विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या अशा स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार करण्याचे ठरले. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत आणि एक-एक विषय शिकून गावी परतत. बाळंतपणात नाळ कापण्याचे पाते व बांधायचा दोरा निर्जंतुक का हवा. मुलाचे वजन कसे करायचे आणि ते वाढत नसेल तर आईला काय सांगायचे. हगवण लागलेल्या मुलासाठी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कसे विरघळवायचे, आणि सलाइनची बाटली न लावताही ते पाणी त्याचा जीव कसे वाचवते, असे ते विषय असत. या बायकांना आयुष्यात प्रथमच कोणी समोर बसवून, नावाने हाक मारून, त्यांना काही येऊ शकते असे गृहीत धरून शिकवत होते. या वागणुकीची फेड त्यांनी आरोळे दांपत्याला करावी अशी सोयच तेथे नव्हती; शिकलेले गावात जाऊन सांगणे हाच फेडीचा मार्ग ठेवलेला होता, आणि ज्ञान हेही बियाण्यासारखे, दिल्याने न सरणारे आहे.

१९७२ च्या दुष्काळात या प्रकल्पाने पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या तेव्हा हातपंप दलितवस्त्यांत बसतील असे पाहिले, त्यामुळे ज्या वस्तीला गावाच्या विहिरीवर पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागे तिच्याकडेच इतर गावाला पाण्यासाठी यावे लागले. आरोग्य सेविकांच्या बाबतीतही हेच झाले. ज्या घरांच्या उंबऱ्यावर त्यांना पूर्वी थांबावे लागे त्याच घरांतून बाळंतपणासाठी त्यांना बोलावणे येऊ लागले. आयुष्यभर घेणाऱ्याच्या जागी बसवलेल्या माणसाला देणाऱ्याची जागा मिळाली म्हणजे काय होते, याचा पुरावा आकड्यांतही आहे: आरंभी प्रकल्पाच्या क्षेत्रात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, तो दर पुढील सुमारे दोन दशकांत तिशीच्या खाली आला. यात सुधारलेले पाणी, लसीकरण आणि रस्ते यांचाही वाटा आहे आणि सगळे श्रेय एका भावनेला देणे बरोबर होणार नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, की जुन्या सेविकांनीच नव्यांना शिकवले, आणि पुढे बाहेरच्या राज्यांतून आणि देशांतून येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही त्यांनी धडे दिले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले, पण काम थांबले नाही. उपकारकर्ता हयात नसतानाही फेड चालू राहू शकते ती अशाच ठिकाणी, जेथे ती मुळात त्याच्याकडे जायचीच नव्हती.

शिर्डी याच जिल्ह्यात असल्याने तिचा उल्लेख टाळता येत नाही, मात्र तेथील चित्र संमिश्र आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या साईसच्चरितात बायजाबाई कोते पाटील यांची हकिगत आहे: डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन त्या रानात साईबाबांना शोधत फिरत आणि सापडल्यावर त्यांना खाऊ घालत, त्याची आठवण ठेवून बाबांनी त्यांचा मुलगा तात्या याला आयुष्यभर माया लावली. ही मागे वळणारी, एका घरापुरती फेड झाली. गावात भिक्षा मागून जगलेल्या बाबांनी पुढे स्वतः हंडी चढवून गोरगरिबांना जेवू घातले, ही पुढे जाणारी फेड. आणि आजचा भाविक मनोरथ पूर्ण झाल्यावर अन्नदानासाठी पैसे भरतो तेव्हा ते नवस फेडणे असते, म्हणजे आधी ठरलेल्या कराराची पूर्तता. पंगतीला बसलेल्या भुकेल्याच्या दृष्टीने यात काही फरक नाही, हे अर्थात मान्य केले पाहिजे.

उपकार आपोआप पसरत जातात असा समज अशा उदाहरणांवरून होऊ शकतो, आणि तो चुकीचा आहे. कर्ट ग्रे, एड्रियन वॉर्ड आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत असे आढळले की ज्यांच्या वाट्याला दुसऱ्याची हावरट वाटणी आली त्यांनी पुढच्या माणसाशी हावरटपणा केला, परंतु ज्यांना उदार वाटणी मिळाली त्यांचे औदार्य पुढे त्या प्रमाणात सरकले नाही. अन्याय स्वतःच्या पायांनी चालतो आणि चांगुलपणाला कोणीतरी रस्ता बांधून द्यावा लागतो. कोंभाळण्याचा दुपटीचा नियम, राळेगणचे मंदिरातले धान्य आणि जामखेडची आठवड्याची शिकवणी हे असे बांधलेले रस्ते आहेत.

हे रस्ते सरकारी योजनेत उतरवताना काय होते याचा अनुभवही आता जमा झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या. गावातलीच बाई, साधारण हजार लोकवस्तीमागे एक, ही कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांची ऋणी आहे. फरक असा की जामखेडमध्ये शिकवण आणि पाठबळ ही त्याच त्या माणसांच्या सततच्या संपर्कातून मिळत होती, आणि शिकवणी एकदा होऊन संपत नसे. आशांच्या वाट्याला मात्र नोंदवह्या, लक्ष्ये आणि कामागणिक मोबदला आला, आणि कर्मचाऱ्याचा दर्जा न देता त्यांना स्वयंसेविका म्हटले गेले. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केले तेव्हा सेवाभाव कुठे गेला, असे विचारणारे निघाले. हा प्रश्न अस्थानी आहे. सेवाभाव हा ज्याने काही मिळवले त्याच्या मनातून उमटलेला प्रतिसाद असतो, आणि ज्या यंत्रणेने आधी काही दिलेले नाही तिला तो हक्काने मागता येत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेले काम, वर्षानुवर्षे करून घ्यायचे असेल तर त्याला वेतन द्यावे लागते. वेतन मिळणारी परिचारिका कृतज्ञ असू शकत नाही असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही, आणि मध्यरात्री दुसऱ्याच्या दारात बाळंतपणासाठी उभ्या राहणाऱ्या बाईच्या घरातही सकाळी चूल पेटावी लागते.